बेस चोरी: महागली की स्वस्त झाली?

चोरपावली | शनिवार, रात्री ९:१२

शोहेई ओटानीच्या धाग्यावर होमरनचीच (बेसबॉलमधल्या षटकारांचीच) चर्चा चाललीय, म्हणून हा विषय वेगळा काढतो.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या ३० संघांनी मिळून २०२२ च्या मोसमात २,४८६ बेस चोरले. २०२३ मध्ये ३,५०३. २०२४ मध्ये ३,६१७, म्हणजे १९१५ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. यशाचं प्रमाण २०२२ मध्ये ७५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२३ मध्ये ८० च्या वर गेलं. इतकं ते आधी कधीच नव्हतं. त्यावर समालोचकांचं पालुपद एकच: वेगाचे दिवस परत आले.

मला हे पटत नाही. चोऱ्या वाढल्या, पण वेगाचा भाव उतरला. २०२५ मध्ये जॉश नेलरने ३२ प्रयत्नांत ३० बेस चोरले. पहिल्या बेसवर खेळणारा धिप्पाड गडी, धावण्याच्या वेगात अख्ख्या लीगमध्ये जवळजवळ तळाशी. अशा माणसाला ३० चोऱ्या जमत असतील तर कुलूपच कच्चं आहे. चोराचं कौतुक कशाला?

पटतंय का? नसेल तर आकड्यांनिशी खोडा.

बाकरवडी_एक्स्प्रेस | शनिवार, रात्री ९:२०

घाईत 'बेसन चोरी' वाचलं आणि पाककृती विभागातून इथे आलो. आलोच आहे तर बसतो.

मधली_सुट्टी | शनिवार, रात्री ९:३१

क्रिकेटवाल्यांसाठी कुणी थोडक्यात सांगेल का? नक्की काय चोरतात? आणि चेंडू पिचरच्या हातात असताना गडी पळतो, तर त्याला बाद का करत नाहीत?

डगआउटचा_बाक | शनिवार, रात्री ९:५०

@मधली_सुट्टी, बॅटरने चेंडू मारलेला नसताना, पिचर (त्यांचा गोलंदाज) प्लेटकडे, म्हणजे बॅटरसमोर, टाकत असतानाच पहिल्या बेसवरच्या गड्याने धूम ठोकून दुसरा बेस गाठायचा, ही चोरी. नॉन-स्ट्रायकर जसा क्रीजबाहेर सरकतो तसा हा बेस सोडून १२ फूट पुढे उभा असतो. त्याला लीड म्हणतात. पिचर त्याला बाद करू शकतोच. प्लेटकडे न टाकता पहिल्या बेसवर फेकायचं, गडी परत यायच्या आत त्याला चेंडूचा टॅग (स्पर्श) झाला की बाद. हा पिकऑफ. पण प्लेटकडे टाकायची हालचाल एकदा सुरू झाली की पिचरला मन बदलता येत नाही. बदललं तर बॉक हा नियमभंग, आणि बेसवरच्या प्रत्येक गड्याला एकेक बेस फुकट. ती हालचाल सुरू झाली हे गड्याला किती लवकर कळतं, यावर सगळं ठरतं.

पिंपळपान | शनिवार, रात्री ९:५४

थोडक्यात मांकडिंग, पण भांडणाशिवाय.

आडवा_हात | शनिवार, रात्री १०:०८

भांडण नाही, कारण तिथे गडी उघडउघड चोर म्हणूनच उभा असतो. विनू मांकडांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला धावबाद केलं, त्यावर अजून पानं भरताहेत. एमसीसीला तो प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात टाकायला २०२२ उजाडलं. बेसबॉलमध्ये असा बाद होणाऱ्या गड्यालाच बोल लागतो. अवांतर पुरे.

त्रिज्या | रविवार, सकाळी ७:४०

'भाव' हा शब्द वापरलाय तर आधी तो मोजू.

अमुक आउट, अमुक बेसवर गडी, अशा स्थितीपासून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती रन होतात याचा तक्ता असतो. २०१० ते २०१५ च्या मोसमांचा घेतो.

शून्य आउट, पहिल्यावर गडी: ०.८५९
शून्य आउट, दुसऱ्यावर गडी: १.१००
एक आउट, बेस रिकामे: ०.२५४

चोरी जमली तर कमाई ०.२४१ रन. फसली तर तोटा ०.६०५. एका फसलेल्या चोरीचं भरून काढायला अडीच चोऱ्या जमाव्या लागतात. ना नफा ना तोटा कुठे? ०.६०५ भागिले ०.८४६, म्हणजे ७१.५ टक्के. एक आउट असताना हेच ७२.६, दोन आउटला ७०.२.

तिसरा बेस चोरायचा असेल तर हिशेब वेगळा. शून्य आउटला ७७ टक्के यश हवं, एक आउटला ६६ पुरतं, दोन आउटला थेट ९० लागतं. दोन आउट असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेल्याने ०.३१९ चे ०.३५३ होतात, बस. कारण तेव्हा बहुतेक फटक्यांवर दुसऱ्या बेसवरचा गडीही घरी येतोच. डावातला पहिला आणि तिसरा आउट तिसऱ्या बेसवर देऊ नये असं जुने प्रशिक्षक सांगायचे, ते तक्ता नसतानाही बरोबर होते.

सगळे प्रसंग एकत्र करून जमलेल्या चोरीला साधारण ०.२ रन आणि फसलेलीला उणे ०.४ धरतात. पुढे हेच वापरू.

बाकरवडी_एक्स्प्रेस | रविवार, सकाळी ७:५५

एकाला अडीच! बेसन परवडलं.

आडवा_हात | रविवार, सकाळी ९:१५

त्रिज्या, तक्ता सरासरीचा आहे. शेवटच्या इनिंगमध्ये एकाने मागे असताना इनिंगचे सरासरी रन कुणाला हवेत? तिथे हवा असतो एकच रन.

२००४ ची अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) अंतिम मालिका, चौथा सामना. बॉस्टन ०-३ मागे, सामन्यातही नववी इनिंग, ३-४ असा एकाने मागे, समोर न्यूयॉर्क यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलार चार बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू) मिळून फुकट पहिल्या बेसवर गेला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो कशासाठी आलाय हे रिव्हेराला, कॅचर (यष्टिरक्षक) पोसादाला आणि मैदानातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. तरी त्याने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर घरी आला, सामना बाराव्या इनिंगमध्ये बॉस्टनने जिंकला आणि मालिका ४-३. त्या चोरीला ०.२ रन म्हणणार का?

नियमपुस्तक | रविवार, सकाळी ९:४८

उदाहरण छान दिलंत, पण ते चोरपावलींच्या बाजूचं आहे. रॉबर्ट्स बेसवर असताना रिव्हेराने पहिला चेंडू टाकण्याआधी तीनदा पहिल्या बेसवर फेकलं होतं. २०२३ पासूनच्या नियमात तिसऱ्या फेकीला गडी बाद झाला नाही की बॉक. म्हणजे आज रॉबर्ट्स चालत दुसऱ्या बेसवर गेला असता, आणि कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

२०२३ ला नेमकं काय बदललं ते सविस्तर लिहितो, कारण सगळीकडे 'बेस मोठे केले म्हणून चोऱ्या वाढल्या' एवढंच छापून येतं.

बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली. पहिल्या बेसचा फाउल रेषेकडचा कोपरा जिथे होता तिथेच राहिला, त्यामुळे तो पूर्ण ३ इंच दुसऱ्याकडे वाढला. दुसरा बेस मात्र आपल्या केंद्राभोवती वाढतो, म्हणून या बाजूला फक्त दीड इंच. एकूण अंतर साडेचार इंचांनी घटलं. आता सेकंदाला २७ फूट पळणाऱ्या गड्याला साडेचार इंचांना लागतात ०.०१४ सेकंद. कटोकट प्रसंगात तेवढंही पुरतं, पण हजार चोऱ्या त्यातून वाढत नाहीत.

खरा बदल रबरवरून (पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवून टाकतो ती) पाय काढण्याच्या मर्यादेचा. एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच तसं करता येतं. पिकऑफची फेकही त्यात मोजली जाते आणि नुसतं उतरून गड्याकडे डोळे वटारणंही. तिसऱ्यांदा केलं तर गडी बाद व्हायलाच हवा, नाहीतर बॉक. गडी पुढच्या बेसवर गेला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

आणि घड्याळ. बेसवर गडी असताना चेंडू टाकायला पिचरला २०२३ मध्ये २० सेकंद होते, २०२४ पासून १८. पूर्वी पिचर गड्याला गोठवायचा तो चेंडू हातात धरून नुसतं थांबून. चार सेकंद, नऊ सेकंद, गडी ताटकळला की पाय जड होतात. आता मैदानात घड्याळ उलटं मोजत असतं आणि ते गड्यालाही दिसतं. दोन सेकंद उरलेत म्हणजे पिचरला टाकणं भाग आहे.

मधली_सुट्टी | रविवार, सकाळी १०:०२

मग पिचरने दोन्ही संधी लगेच वापरून टाकल्या तर?

नियमपुस्तक | रविवार, सकाळी १०:१०

मग गडी एक-दोन फूट आणखी पुढे सरकतो, कारण तिसरी फेक पिचरच्याच अंगाशी येणार. म्हणून बहुतेक पिचर दुसरी संधी राखून ठेवतात, गडी हे ओळखून असतो, आणि व्यवहारात मर्यादा दोनची न राहता एकचीच होते.

घड्याळकाका | रविवार, दुपारी १२:३०

एक फूट जादा लीड म्हणजे काय ते सेकंदांत सांगतो.

पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत १.३ सेकंद. तिथून दुसऱ्या बेसवरच्या गड्याच्या हातमोज्यापर्यंत २.० सेकंद, याला पॉप टाइम म्हणतात. त्यात चेंडू काढणं, पाय जुळवणं आणि १२७ फूट ३ इंचांची फेक एवढं सगळं आलं. १.९ च्या खाली जाणारा कॅचर उत्तम. बेरीज ३.३, वर टॅगला एखादा दशांश. आता चोर: ९० फुटांतून १२ फूट लीड वजा, उरले ७८. चांगला गडी उभ्या स्थितीतून घसरत बेसला लागेपर्यंत ३.४ घेतो. सरासरी पिचर, सरासरी कॅचर, चांगला चोर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. एक फूट लीड वाढली की चार शतांश सेकंद वाचतात आणि नाणं चोराकडे झुकतं.

पण मोठी गळती पिचरकडे असते. पाय उंच उचलून टाकणारा १.५ ते १.६ घेतो. पाय न उचलता सरकवून टाकणारा १.२ च्या आत येतो. नुसत्या पायाच्या उचलीत तीन-चार दशांश! लीगमधल्या सरासरी गड्यात आणि अव्वल, सेकंदाला ३० फूटवाल्या गड्यात ७८ फुटांवर एवढा फरक पडत नाही. शिवाय चेंडू कुठला? ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल प्लेटला ०.४ सेकंदात पोचतो, ७८ मैलांचा कर्व्ह जवळपास एक दशांश जास्त घेतो आणि वर जमिनीवर आपटण्याची शक्यता. म्हणून जाणकार चोर चेंडूंचा हिशेब बघून निघतो: बॅटर दोन स्ट्राइकवर असेल (तिसऱ्याला बाद), पिचर वळणारा चेंडू टाकणार असं दिसतंय, तेव्हा.

चोरी कॅचरकडून होते असं धरून लोक कॅचरला दोष देतात. होते ती पिचरकडून.

तळपाय | रविवार, दुपारी २:०५

घड्याळकाकांशी सहमत आणि म्हणूनच धागाकर्त्याशी असहमत. नेलरच्या बाबतीत कुलूप कच्चं नव्हतं, चोरच पटाईत होता. तेच कुलूप सगळ्यांसमोर होतं. बाकीचे जाडजूड गडी का नाही निघाले?

बघायचं काय असतं ते सांगतो. उजव्या हाताच्या पिचरची पाठ अर्धवट पहिल्या बेसकडे असते. त्याला पहिल्यावर फेकायचं असेल तर उजवी टाच आधी हलते, कारण तिच्यावरच तो वळतो. प्लेटकडे टाकायचं असेल तर डावी टाच आधी उचलली जाते. चोराची नजर तेवढ्यावर. टाच, पुढचा खांदा, कुणाकुणाची टोपी खाली झुकते, कुणी श्वास सोडतो. शिवाय प्रत्येक पिचरची लय असते. स्थिर झाल्यावर मनात 'एक, दोन' म्हणून टाकणारा बहुधा 'एक, दोन'वरच टाकतो. चोर ती मोजतो आणि 'दोन'च्या आधी अंग सैल करतो. चोऱ्यांचा जुना विक्रमवीर लू ब्रॉक १९६० च्या दशकात ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पिचरांचं चित्रण करून हेच शोधायचा.

डावखुरा पिचर अवघड, तो तोंड पहिल्या बेसकडेच करून उभा. उजवा गुडघा वर घेऊन तो कुठेही जाऊ शकतो, फक्त पाऊल ४५ अंशांच्या रेषेच्या आत पडलं पाहिजे. उचललेला पाय रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला की पहिल्यावर फेकायची मुभा संपली. त्याच्यावर दोनच उपाय, एकतर तो पाय मागे जाईपर्यंत वाट बघा, नाहीतर पहिल्या हालचालीलाच अंदाजाने सुटा आणि चुकलात तर माना खाली घालून परत या.

नेलर आणि हुआन सोतो दोघेही हीच विद्या वापरतात. सोतोने २०२५ मध्ये ४३ होमरन मारले आणि ३८ बेस चोरले, वेग सरासरीपेक्षा कमी असताना. त्याच्या मेट्स संघाच्या पहिल्या बेसवरच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाला, अँटोआन रिचर्डसनला, त्याचं श्रेय दिलं गेलं ते उगाच नाही.

चोरपावली | रविवार, दुपारी २:४०

@तळपाय, 'कुलूप कच्चं' मागे घेतो. पण बघा, तुम्हीही म्हणताय की वेगाशिवाय भागतं. माझा मूळ मुद्दा तोच.

ओळखा_पाहू | रविवार, दुपारी ३:१०

आपल्याकडे शाळा-कॉलेजात खेळतात त्या सॉफ्टबॉलमध्ये लीड का घेत नाहीत?

डगआउटचा_बाक | रविवार, दुपारी ३:२५

नियमच नाही. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत गड्याचा पाय बेसला लागलेला हवा. बेसमधलं अंतरही ९० ऐवजी ६० फूट. त्यामुळे तिथे पिकऑफचा डावपेच नाही, पिचरची टाच वाचायची नाही, आणि चोरी बऱ्यापैकी शुद्ध वेगावर येते. चोरपावलींना हवा तो खेळ तिथे आहे. :)

जुनी_पाटी | रविवार, सायंकाळी ६:००

चोरीचा भाव पायांवर कधीच ठरला नाही, तो मैदान आणि होमरन ठरवतात. इतिहास त्याला साक्षी आहे.

होमरन मुबलक असले की चोरी बावळटपणाची. पहिल्या बेसवरचा गडीही होमरनवर घरी येतोच, मग त्याला धोक्यात का घाला? १९५० मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक चोऱ्या करणारा डॉम डिमॅजिओ, किती? १५. पंधरा! २०१९ मध्ये ६,७७६ होमरनचा विक्रम झाला तेव्हाही कुणाला चोरायची गरज वाटत नव्हती. त्रिज्यांच्या तक्त्यात सांगायचं तर होमरन वाढले की ना-नफा-ना-तोटा रेषा वर सरकते.

उलट १९६२ मध्ये मॉरी विल्सने १०४ चोऱ्या केल्या, फक्त १३ फसल्या, आणि विली मेजला मागे टाकून नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदान राखणाऱ्यांनी पहिल्या बेसजवळची माती पाणी मारून मारून चिखल केली होती, विल्सचे पाय रुतावेत म्हणून. पंचांनी वर वाळू टाकायला लावली. कुणाची किती धास्ती आहे ते पाण्याच्या बादल्यांवरून मोजावं.

मग १९७० आणि ८० च्या दशकांत कृत्रिम हिरवळीच्या अवाढव्य मैदानांचा काळ आला, सेंट लुइस, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन. भिंती लांब, होमरन कमी, चेंडू गालिच्यावरून सुसाट, पाय घसरण्याची भीती नाही. व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉगच्या सेंट लुइसने १९८५ मध्ये एका मोसमात ३१४ बेस चोरले, त्यातले ११० एकट्या नवख्या व्हिन्स कोलमनचे. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये मैदानावर पसरणाऱ्या यांत्रिक ताडपत्रीच्या नळकांड्याखाली त्याचा पाय सापडला. कॅचरांना क्वचितच सापडणारा माणूस ताडपत्रीला सापडला.

बाकरवडी_एक्स्प्रेस | रविवार, सायंकाळी ६:०७

ताडपत्रीचा पॉप टाइम किती?

त्रिज्या | रविवार, रात्री ८:३०

जुनी_पाटींच्या विल्सला आणि आणखी काहींना (आकडे जमलेल्या आणि फसलेल्या चोऱ्यांचे) ०.२ आणि उणे ०.४ लावून बघतो.

विल्स १९६२, १०४ आणि १३: निव्वळ १५.६ रन.
ब्रॉक १९७४, ११८ आणि ३३: १०.४.
रिकी हेंडरसन १९८२, १३० आणि ४२: ९.२.
अकुन्या २०२३, ७३ आणि १४: ९.०.
ओटानी २०२४, ५९ आणि ४: १०.२.

ओटानीने ५९ चोऱ्यांत रिकीच्या १३० पेक्षा जास्त कमावलं. आणि नेलर, ३० आणि २: ५.२. एली डे ला क्रूझने २०२४ मध्ये सर्वाधिक ६७ चोऱ्या केल्या, पण १६ फसल्या, म्हणून ७.०.

कारकिर्दीतही तेच. ब्रॉकच्या ९३८ चोऱ्या, ३०७ फसलेल्या, निव्वळ ६५ च्या आसपास. टिम रेन्स ८०८ आणि १४६, निव्वळ १०३. तरी ब्रॉक पात्रतेच्या पहिल्या वर्षीच हॉल ऑफ फेम या सन्मान-दालनात, आणि रेन्सला दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीपर्यंत, २०१७ पर्यंत थांबावं लागलं.

रिकीभक्त | रविवार, रात्री ८:४४

रिकीभक्ताला हे मान्य नाही.

रिकीभक्त | रविवार, रात्री ९:३०

आता सविस्तर. १९८२ चा माणूस २०१५ च्या तक्त्याने मोजताय, हे पहिलं. दुसरं, रिकी बेसवर असला की पिचर पाय सरकवून टाकायचा, त्याच्या चेंडूची धार जायची, कॅचर फास्टबॉलच मागायचा आणि मागच्या बॅटरला काय येणार ते आधीच ठाऊक. पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक बेसला खिळलेला, म्हणून उजवीकडे मोकळं भगदाड. हे तुमच्या ०.२ मध्ये कुठे आहे? तिसरं, कारकिर्दीत १,४०६ चोऱ्या आणि २,२९५ रन, दोन्ही विक्रम. तुमच्याच सूत्राने १,४०६ आणि ३३५ चे निव्वळ १४७ होतात, ते लिहायला विसरलात वाटतं.

अवांतर: १ मे १९९१ ला रिकीने ब्रॉकचा विक्रम मोडला आणि त्याच रात्री पिचर नोलन रायनने सातवा नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न दिलेला सामना) टाकला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांची पंचाईत झाली असणार.

त्रिज्या | रविवार, रात्री ९:४५

१४७ कबूल, तो माझ्याही यादीत पहिला आहे. तक्त्याचा आक्षेपही बरोबर. १९८२ चा तक्ता लावला तर ९.२ थोडे इकडेतिकडे सरकतील. पण ४२ फसलेल्या चोऱ्या म्हणजे ४२ आउट, ते कुठल्याही तक्त्यात महागच पडतात.

निव्वळ वेग विकत घ्यायचा प्रयोगही झालाय. ओकलंड संघाचा मालक चार्ली फिनलीने १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला फक्त पळण्यासाठी संघात घेतलं. दोन मोसमांत १०५ सामने, एकदाही हातात बॅट नाही. ३१ चोऱ्या, १७ फसल्या, म्हणजे ६५ टक्के. निव्वळ उणे ०.६ रन. १९७४ च्या वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपद मालिकेत दुसऱ्या सामन्याच्या नवव्या इनिंगला माइक मार्शलने त्याला पहिल्या बेसवरच पिकऑफ केलं. धावण्याच्या शर्यतीत पिस्तूल वाजतं. इथे वाजत नाही.

पिंपळपान | रविवार, रात्री ९:५२

शेवटचं वाक्य चोरणार. यशाची शक्यता १०० टक्के.

उगवता_सूर्य | सोमवार, पहाटे ५:३०

जपानचा हिशेब कुणी मांडलाच नाही. युताका फुकुमोतो, १,०६५ चोऱ्या, १९७२ च्या एका मोसमात १०६. त्याला रोखण्यासाठी नानकाई हॉक्सचा कॅचर आणि व्यवस्थापक कात्सुया नोमुराने पिचरांनाच बदललं. पाय कमी उचला, लवकर सोडा. जपानी बेसबॉलमध्ये 'क्विक मोशन' तेव्हापासून रुजलं. घड्याळकाका म्हणतात तो निष्कर्ष एका कॅचरनेच काढला होता.

घसरगुंडी | सोमवार, सकाळी ८:१५

सगळे निघण्याबद्दल लिहिताहेत, पोचण्याबद्दल कुणीच नाही. कितीतरी चोऱ्या शेवटच्या दहा फुटांत फसतात.

पाय पुढे करून घसरायचं तर बेसच्या ८ ते १० फूट आधी बसायला सुरुवात. उशिरा बसलात तर घोटा बेसवर आपटतो, लवकर बसलात तर वेग मातीत जातो. खो-खोसारखा सूर मारणाऱ्यांचं डोकं खाली असतं, हात आधी पोचतो, टॅग चुकवून दुसऱ्या हाताने बेस पकडता येतो. पण बोटं आणि अंगठे मोडतात. म्हणून हल्ली हातात ते भट्टीच्या मिटसारखं जाडजूड मोजं दिसतं.

आणखी एक खोड २०१४ पासून लागलीय. व्हिडिओ फेरतपासणी वाढल्यावर क्षेत्ररक्षक टॅग लावून हातमोजा गड्याच्या अंगाला चिकटवूनच ठेवतो. गडी घसरत बेसवरून अर्धा इंच उचलला गेला तरी बाद. पूर्वी पंचाला ते दिसायचंही नाही. १८ इंची बेसचा खरा उपयोग मला इथे वाटतो: पकडून राहायला जास्त जागा.

पाय पुढे टाकले म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात ओटानी पाय पुढे करूनच घसरला, डावा हात मागे टेकला आणि खांदा अर्धवट निखळला. चोरीही फसली होती. पुढच्या मोसमात त्याच्या चोऱ्या ५९ वरून २० वर आल्या. हाही भावच, फक्त तो डॉक्टरांच्या खात्यात लिहिला जातो.

मुखवटा_आणि_पॅड | सोमवार, सकाळी १०:४०

कॅचरची बाजू मांडायला हवी. गेल्या काही वर्षांत संघांनी कॅचर निवडले ते कडेचा बॉल पंचाला स्ट्राइक (वैध चेंडू) भासवणारे. फेक दुय्यम. म्हणून एक गुडघा टेकून बसणं आलं. ती कला महत्त्वाची होती कारण पंच फसायचा. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन आव्हानं चुकेपर्यंत. त्यामुळे भासवण्याचा भाव काहीसा उतरेल आणि हाताचा वाढेल असा माझा अंदाज आहे. कुलूप पुन्हा जाड होईल.

जुनी_पाटी | सोमवार, सकाळी ११:०५

हेच तर. एक जण महागडं कुलूप लावतो, दुसरा किल्ली घडवतो.

मधली_सुट्टी | सोमवार, दुपारी १:२०

पण वेग म्हणजे फक्त चोरी का? क्रिकेटमध्ये वेगवान माणूस एकाच्या दोन करतो, सीमारेषेवर चार वाचवतो.

तळपाय | सोमवार, दुपारी १:५५

धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न विचारलात. पहिल्या बेसवरून एका साध्या फटक्यावर तिसरा गाठणं, दुसऱ्यावरून घरी येणं, जमिनीवरच्या फटक्यावर डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद) टाळणं, आणि सेंटर फील्डमध्ये झेल. यातल्या कशालाही पिचरची टाच वाचावी लागत नाही, २०२३ च्या नियमांनी यातलं काहीच सोपं झालं नाही. डबल प्ले टाळणं तर आकडेवारीत दिसतही नाही, न घडलेली गोष्ट कोण मोजणार? आळशी, हळू गडी चोरी शिकू शकतो. सेंटर फील्ड शिकू शकत नाही.

चोरपावली | सोमवार, रात्री ९:००

दोन दिवसांत माझं विधान बरंच झिजलं, आता उरलंय ते असं. एका चोरलेल्या बेसचं मोल बदललं नाही, ते ०.२ च्या आसपासच आहे. बदलली ती जोखीम. ७१ टक्क्यांच्या रेषेवर पूर्वी लीग जेमतेम चार टक्के वर होती, २०२३ मध्ये नऊ टक्के वर गेली. त्याचा फायदा वेगवान गड्याला झालाच, पण वाचणाऱ्या गड्याला जास्त. आणि निव्वळ वेगाची कमाई पाहायची तर तळपाय म्हणतात तसं चोरीकडे न बघता सेंटर फील्डकडे बघायला हवं. शीर्षक बदलायची सोय नाही, म्हणून तसंच ठेवतो.

आडवा_हात, रॉबर्ट्सचं एक राहिलं. २०२४ मध्ये ओटानीला ५९ चोऱ्या करू देणारा डॉजर्सचा व्यवस्थापक तोच.

आडवा_हात | सोमवार, रात्री ९:१८

माहीत होतं, तुम्ही लिहिता का ते बघत होतो.

ओळखा_पाहू | सोमवार, रात्री ९:४०

तळपाय, डावखुऱ्या पिचरच्या पहिल्या हालचालीला सुटायचं आणि त्याने पहिल्यावर फेकलं, तर माना खाली घालून परत का यायचं? दुसऱ्याकडेच पळत राहिलं तर?

तळपाय | सोमवार, रात्री १०:०२

तेच करतात. पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाला चेंडू पकडून, वळून, पळणाऱ्या गड्याला न लागेल अशा कोनातून दुसऱ्यावर फेकावा लागतो. तो डावखुरा असेल तर वळणं वाचतं, उजव्या हाताचा असेल तर पाय फिरवण्यात वेळ जातो. फेक बेसच्या आतल्या बाजूने यावी म्हणून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) हात करून बाजू दाखवतो. ती बाजू चुकली की चेंडू गड्याच्या पाठीत बसतो आणि गडी उठून तिसऱ्याकडे.